बंदुकीच्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर कसा निवडायचा

नळी आरशासारखी, दस्त्यावर तेलाची झळाळी, आणि चापाच्या गार्डवरच्या स्क्रूची खाच मात्र उंदराने कुरतडल्यासारखी. अशी बंदूक हातात आली की आधी काय घडलं असेल ते वेगळं विचारावं लागत नाही. घरातला हाताशी आलेला स्क्रूड्रायव्हर लावला, तो घसरला, मग जोर लावला, मग जास्त जोर लावला. चार मिनिटांचं काम, आणि खूण कायमची.

‘कोणता सेट घेऊ?’ हा प्रश्न मला सारखा येतो. प्रश्नच उलट्या टोकाने विचारलेला असतो. आधी स्क्रू मोजायचा, मग त्याच्या मापाचं पातं शोधायचं, आणि सापडलं नाही तर करून घ्यायचं. सेट ही त्यानंतरची गोष्ट. खाली दिलेला क्रम पाळा. मधला टप्पा गाळलात तर त्याची किंमत स्क्रू मोजतो.

टप्पा १: बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहणं

मॅगझिन काढा. बोल्ट किंवा स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये बघा, करंगळी घालून चाचपा. दुनळी असेल तर मोडून दोन्ही चेंबर बघा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरची सगळी घरं मोजा. नळीभरू, म्हणजे नळीच्या तोंडातून बार भरायचं मॉडेल असेल तर साफ करायचा गज नळीत घाला, मग तोच बाहेरून नळीला लावून तो तळापर्यंत गेला होता का ते ताडून बघा. भरलेली असेल तर गज वर राहतो. काडतुसं त्या खोलीत नकोत, कुलपात ठेवलेलीसुद्धा नकोत, दुसऱ्याच खोलीत हवीत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा लेख बाहेरच्या स्क्रूंपुरता आहे: मूठ, गार्ड, दस्ता, दुर्बिणीचे माउंट, साइट. चाप आणि सिअर (चाप ओढेपर्यंत घोडा अडवून धरणारा तुकडा) यांच्या आतल्या कामात हात घालू नका. ते परवानाधारक कारागिराचं काम आहे. कायद्याने मालकाला काय उघडायची मुभा आहे हेही आपापल्या ठिकाणी बघून घ्या.

टप्पा २: पातं बघायला शिका

हार्डवेअरच्या दुकानातला नेहमीचा चपटा स्क्रूड्रायव्हर बाजूने धरून उजेडात बघा. टोकाकडे निमुळता, वर जाड. म्हणजे पाचरच. लाकडातला स्क्रू पिळायला ती चालते, कारण तिथे खाच रुंद असते आणि तिची कड उचलली गेली तरी कुणाला फरक पडत नाही. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद, दोन्ही भिंती सरळ उभ्या. त्यात पाचर घातली की ती तळापर्यंत पोचतच नाही. वरच्या दोन कडांवर टेकून बसते. सगळा जोर त्या दोन कडांवर. त्यात पात्याच्या बाजू तिरक्या असल्यामुळे पिळताना पातं आपोआप वर ढकललं जातं. पातं उडी मारतं, कड उचलली जाते, आणि पुढचा ओरखडा थेट ब्ल्यूइंगवर, म्हणजे पोलादावरच्या निळ्या-काळ्या थरावर.

आपल्याला हवं ते पातं टोकाशी समांतर असतं. शेवटचे काही मिलिमीटर दोन्ही बाजू एकमेकींना समांतर, वर मात्र आत खोलगट घेतलेलं. ग्राइंडरच्या चाकाच्या गोलाईवर घासल्यामुळे ती खोलगट जागा तयार होते, म्हणून याला ‘हॉलो ग्राउंड’ म्हणतात. असं पातं खाचेत वरपासून खालपर्यंत भिंतीला चिकटून बसतं. जोर संपूर्ण भिंतीवर पसरतो आणि वर ढकलणारं काहीच उरत नाही.

तपासणी: नवीन बिट (मुठीत बसवायचं सुटं पातं) घेताना त्याची टोकाकडची जाडी कॅलिपरने दोन ठिकाणी मोजा. एकदा अगदी टोकाला, एकदा साधारण दीड मिलिमीटर वर. दोन्ही आकडे सारखे आले तर घ्या. वरचा आकडा मोठा आला तर त्यावर ‘गनस्मिथ’ असं सोनेरी अक्षरांत छापलेलं असलं तरी ती पाचरच आहे.

टप्पा ३: स्क्रू मोजा, तीन मापं, तिन्ही लिहून ठेवा

खाचेत आधी टाचणी किंवा बांबूची काडी फिरवा. जुन्या बंदुकीत वाळलेलं तेल, मेण, लाकडाचा भुसा आणि पॉलिश यांचा थर तळाशी दगडासारखा बसलेला असतो. तो न काढता मोजलं तर खोली चुकीची येते आणि पातं अर्ध्यावर अडतं. ‘पातं बरोबर आहे पण बसत नाही’ अशा तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच काडीनेच मिटतात.

मग ही तीन मापं घ्या.

रुंदी: स्क्रूच्या डोक्याचा व्यास. पातं त्याच्या किंचित आत हवं, बाहेर कधीच नको. डोकं भोकात खोल बसलेलं असेल तर बाहेर आलेला कोपरा भोकाच्या कडेला गोल ओरखडा काढतो. पण फार अरुंदही नको. पातं निम्म्या रुंदीचं घेतलंत तर तेवढ्याच पिळासाठी खाचेच्या भिंतीवर दुप्पट जोर येतो. हा हिशोब लोक विसरतात आणि ‘जरा लहानच बरा’ म्हणून लहान पातं घेतात.

जाडी: खाचेची रुंदी. इथे फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) वापरा, डोळ्याचा अंदाज नको. गेजची पट्टी न अडखळता पण घसटून जाईल ती जाडी धरा.

खोली: कॅलिपरच्या मागच्या दांडीने मोजा. पातं तळाला टेकलं पाहिजे, निदान तळाच्या अगदी जवळ.

माझ्यापुढे आत्ता एका दुनळीच्या गार्डचा स्क्रू आहे. डोकं ६.५ मिलिमीटर, खाच ०.८ मिलिमीटर, खोली १.२ मिलिमीटर. याला मी ६.३ रुंद आणि ०.७७ जाड पातं घेतो. ०.७ घेतलं तर काम होईल, पण पिळल्यावर पातं खाचेत थोडं तिरकं फिरतं आणि मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरच टेकतं. कारखान्यात बनलेल्या आजच्या रायफलच्या स्क्रूची खाच याहून बरीच जाड असू शकते. एकाच बंदुकीवरचे दोन शेजारी स्क्रूसुद्धा वेगळे निघतात, म्हणून प्रत्येक स्क्रू मोजायचा. एक मोजला आणि बाकीचे ‘तसेच असतील’ असं गृहीत धरलं, की चौथ्या स्क्रूवर गडबड ठरलेली.

सावध: आधीच कुणीतरी खराब केलेली खाच वर रुंद आणि खाली अरुंद झालेली असते. मोजमाप तळाचं घ्या, तोंडाचं नाही.

टप्पा ४: मूठ आणि बिट, की एकसंध स्क्रूड्रायव्हर

सुरुवात करणाऱ्याने पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर षटकोनी बुडाचे बिट आणि एक चांगली मूठ घ्यावी. कारण साधं आहे: बिट ही झिजणारी, तुटणारी, घासून बदलायची वस्तू आहे. ब्राउनेल्सचे मॅग्ना-टिप बिट, व्हीलरचे सेट, चॅपमनचे छोटे डबे, ग्रेसचे लाकडी मुठीचे एकसंध स्क्रूड्रायव्हर. ही नावं या कामात नेहमी ऐकू येतात. कुठलाही घ्या, पण टप्पा २ ची तपासणी करूनच. मोठा सेट असला म्हणजे आपल्या स्क्रूचं माप त्यात असेलच असं नाही. पन्नास बिटांच्या डब्यातली आठ-दहा बिटंच मी खऱ्या अर्थाने वापरतो, आणि त्यातली निम्मी मी स्वतः घासलेली आहेत.

मूठ जाड हवी. बारीक मुठीने पीळ कमी मिळतो, मग माणूस मनगट वाकडं करून जोर लावतो, आणि पातं तिरकं होतं. मुठीच्या तोंडाशी बिट डुगडुगत असेल तर तीही नको. रॅचेटची मूठ स्क्रू लवकर फिरवायला बरी, पण पहिला पीळ आणि शेवटचा पीळ साध्या मुठीनेच द्यायचा. रॅचेटच्या दात्यांत जो मोकळेपणा असतो तो हाताला चुकीचं सांगतो. बॅटरीवरचा ड्रिल या टेबलाच्या जवळपासही नको.

पोलादाचं काय? फार मऊ पातं पिळलं जातं, कोपरे गोल होतात. फार कडक पातं काचेसारखं तुटतं आणि तुकडा उडतो. मधलं हवं. एक गोष्ट लोकांना पटत नाही ती अशी: बिट आणि स्क्रू यांतलं काही मोडायचंच असेल तर बिट मोडावं. बिट दुसरं मिळतं. शंभर वर्षांच्या दुनळीचा हाताने कोरलेला स्क्रू मिळत नाही.

एकसंध, लांब दांडीचे स्क्रूड्रायव्हर दोन ठिकाणी लागतातच. एक, दस्त्याच्या पोटातून जाणारा बोल्ट, जो बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाच्या, रबरामागे खोल भोकात असतो. दोन, खोबणीत बसलेले आतले स्क्रू, जिथे बिटाची जाड मूठ पोचत नाही.

सावध: दस्त्याच्या बोल्टला लांब स्क्रूड्रायव्हर लावताना तो खरोखर खाचेत बसलाय याची खात्री करा. पातं बोल्टच्या डोक्यावरून घसरून डोकं आणि लाकूड यांच्यामध्ये शिरलं, तर पिळताना तेच पातं पाचर बनून दस्ता आतून चिरतं. भोकात टॉर्चचा झोत टाका, आधी नुसतं बघा. आणि रबराच्या पॅडच्या चिरेतून स्क्रूड्रायव्हर घालणार असाल तर दांडीला साबण किंवा व्हॅसलीन चोळा. नाहीतर पॅड फाटतं आणि मग तो फाटका कोपरा रोज आपल्याकडे बघत राहतो.

टप्पा ५: पातं खाचेला जुळवून घेणं

बाजारात तंतोतंत माप मिळेलच असं नाही. मग थोडं जाड असलेलं बिट घेऊन घासायचं. इथे घाई केली की पैसे आणि बिट दोन्ही वाया.

पाव मिलिमीटरपेक्षा कमी काढायचं असेल तर ग्राइंडर सुरूच करू नका. सपाट, बारीक धारेच्या दगडावर थोडं तेल टाका, पात्याची चपटी बाजू पूर्ण टेकवा, आणि दोन्ही बाजू सारख्या मोजून घासा. दहा घासे इकडे, दहा तिकडे. एकाच बाजूने घासलं तर पातं दांडीच्या मध्याला राहत नाही, आणि फिरवताना मूठ गोल गोल हिंडते. दर वीस घाशांनी कॅलिपर लावा.

जास्त काढायचं असेल तर ग्राइंडर. डोळ्यांवर चष्मा. पात्याची चपटी बाजू चाकाच्या गोलाईवर टेकवा, म्हणजे चाकाच्या गोलाईने पात्यावर खोलगट जागा येते, आणि टोक जवळ येईल तसं दगडावर सपाट करून समांतर करा. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. पातं फिकट गवती रंगाचं झालं तर थांबण्याची वेळ झाली. निळसर झाक आली, म्हणजे साधारण २९०-३०० अंश सेल्सिअस गाठलं, तर पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं. रंग दगडाने घासून काढता येतो, उतरलेलं पाणी येत नाही. असं बिट पिळल्यावर जिलबीसारखं वळतं. माझ्या पहिल्या वर्षात मी अशी किती बिटं फेकली ते सांगत नाही.

शेवटी टोकाचे चारही धारदार कोपरे दगडावर हलकेच मोडा. अगदी हलके, केसाएवढे. धारदार कोपरा खाचेच्या तळाशी अडकतो आणि पातं पूर्ण बसत नाही.

तपासणी: पात्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या मार्करने रंग लावा. खाचेत घाला, खाली दाबा, अगदी हलका पीळ द्या, सरळ वर काढा. रंग दोन्ही बाजूंना रुंद पट्ट्यात निघाला असेल तर बैठक उत्तम. फक्त वरच्या ओळीत निघाला तर अजून पाचर आहे. फक्त समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर निघाला तर पातं पातळ झालंय; दुसरं बिट घ्या, याला अरुंद खाचेच्या स्क्रूसाठी ठेवा. दुसरी परीक्षा हातातच आहे: बंदूक आडवी ठेवून बिट उभं खाचेत सोडा आणि हात काढा. चांगलं बसलेलं बिट आपोआप उभं राहतं.

टप्पा ६: चपटी खाच नसेल तेव्हा

दुर्बिणीच्या माउंटवर आता टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीची खाच) आणि अॅलन (षटकोनी खाच) जास्त दिसतात. यांना घासून बसवायची भानगड नाही, पण चुका वेगळ्या आहेत.

अॅलनमध्ये इंची आणि मेट्रिक यांची गल्लत सगळ्यात महाग पडते. ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिलिमीटर. २.५ ची अॅलन त्यात शिरत नाही हे बरं; पण २.५ च्या भोकात ३/३२ ची शिरते, ढिली बसते आणि कोपरे गोल करून टाकते. ५/६४ इंच म्हणजे १.९८ मिलिमीटर, २ मिलिमीटरच्या इतकं जवळ की हाताला फरकच कळत नाही. तिथे किल्लीवरचा आकडा वाचा. गोल टोकाची अॅलन तिरप्या कोनातून स्क्रू फिरवायला छान, पण शेवटचा पीळ तिने देऊ नका. टॉर्क्सला टी-१५ च्या जागी टी-१० शिरतो आणि फिरतोही, दोन-तीन वेळा. मग भोक गोल होतं. नियम असा: जे शिरेल त्यातलं सगळ्यात मोठं वापरा.

फिलिप्सचं, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखं, टोक झिजलं की ते फेकून द्या. त्याच्यावर प्रेम करू नका.

टप्पा ७: धरणं आणि क्रम

बंदूक मांडीवर धरून स्क्रू सोडवणारे लोक मी पाहिलेत. एका हाताने बंदूक, एका हाताने स्क्रूड्रायव्हर, पातं घसरलं की थेट तळहातात. टेबलावर जाड कापड किंवा रबराची चटई पसरा. व्हाइस असेल तर जबड्यांना चामडं लावा आणि नळी किंवा दस्त्याचा नाजूक भाग कधीही त्यात आवळू नका. स्क्रू उभा, आपल्या छातीसमोर आणि खाली असला पाहिजे, म्हणजे शरीराचं वजन सरळ खाली पडतं. स्क्रूच्या भोवती मास्किंग टेपचे दोन थर लावा. घसरलंच तर ओरखडा टेपवर.

आणि आधी क्रम माहीत करून घ्या. स्क्रूड्रायव्हर कितीही चांगला असला तरी चुकीचा स्क्रू आधी काढला तर नुकसान ठरलेलं. तीन उदाहरणं देतो, कारण ही तीनही वारंवार घडतात.

जुन्या ली-एनफील्डच्या एसएमएलई प्रकारात बटाचा लांब बोल्ट आधी फिरवायचा नाही. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडी भागाच्या मागच्या बाजूला असलेल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता बोल्ट फिरवला की ते टोक फिरताना लाकूड चिरतं. आधी पुढचं लाकूड, मग बट.

माउझर ९८ च्या गार्डच्या मोठ्या स्क्रूंशेजारी बारीक कुलूप-स्क्रू असतात. ते आधी काढायचे. ते न बघता मोठ्या स्क्रूला जोर लावला की दोन्हींच्या खाचा जातात.

स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरचे साइडप्लेटचे स्क्रू दिसायला सारखे, पण सारखे नाहीत. सपाट डोक्याचा मुठीच्या खाली येतो, आणि सिलिंडर ज्यावर झुलतो त्या भागाला धरणारा पुढचा स्क्रू त्याच जागी जुळवलेला असतो. अदलाबदल केली की सिलिंडर अडखळतं. आणि प्लेट स्क्रूड्रायव्हरने उचकटायची नाही, कधीच नाही. स्क्रू काढल्यावर मुठीच्या सांगाड्यावर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोके द्या, ती आपणहून वर येते.

म्हणून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बंदुकीचा ढोबळ आकार काढा, स्क्रूच्या जागी भोकं पाडा आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या भोकात खोचा. वाटीत टाकलेले सहा स्क्रू अर्ध्या तासाने सहा कोडी होतात.

टप्पा ८: सोडवणं

पातं खाचेत ठेवा, डोळ्याने बघा ते उभं आहे. एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पात्याच्या बुडाशी. आधी खाली दाबा. दाबाचा जोर पिळाच्या जोरापेक्षा नेहमी जास्त. मग पीळ वाढवत न्या, झटका देऊ नका.

पहिला पीळ उलटा द्या, म्हणजे घट्ट करायच्या दिशेने, अगदी किंचित. गंजाचा किंवा वाळलेल्या तेलाचा पापुद्रा त्या किंचित हालचालीत तुटतो. ‘टक्’ असा बारीक आवाज किंवा हाताला जाणवणारा धक्का आला की काम झालं. मग सोडवायच्या दिशेने.

सावध: पातं एकदा घसरलं की थांबा. दुसऱ्यांदा तेच पातं, त्याच कोनातून, जास्त जोराने. उंदराने कुरतडलेल्या सगळ्या खाचा अशाच तयार होतात. बैठक पुन्हा तपासा, खाच पुन्हा साफ करा, नाहीतर पुढचा टप्पा.

टप्पा ९: अडलेला स्क्रू

इथे वेळ हेच हत्यार आहे. सुईने किंवा काडीने भेदक तेलाचा एकच थेंब डोक्याच्या कडेला सोडा. बाटली उपडी करू नका. लाकूड तेल पितं, काळं पडतं, आणि आतून मऊ होतं. रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा एक थेंब. मी एका स्क्रूला पाच दिवस दिलेत आणि तो सहाव्या दिवशी दोन बोटांनी सुटला.

तेलानंतर ठोके. नीट बसणारं बिट खाचेत ठेवा आणि त्याच्या मागच्या टोकावर लहान पितळी हातोडीने सरळ, हलके सात-आठ ठोके द्या. आट्यांमधला गंज हादऱ्याने सुटतो.

मग उष्णता, पण ती फक्त धातूतल्या स्क्रूला आणि फक्त डाख द्यायच्या गरम इस्त्रीच्या टोकाने. टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा. निळं थ्रेडलॉकर (आटे चिकटवून ठेवणारा गोंद) लावलेलं असेल तर हाताने सुटतं, थोड्या उष्णतेने अजून सहज. लाल लावलेलं असेल तर साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. गॅसची ज्योत घेऊन बंदुकीवर जाऊ नका. स्प्रिंगांचं पाणी उतरतं, ब्ल्यूइंग जातं, आणि दुनळीच्या नळ्यांमधली पट्टी मऊ डाखाने जोडलेली असेल तर तो डाख २०० अंशांच्या आसपासच वितळायला लागतो.

तरीही नाही? मग ड्रिल प्रेस. प्लग काढून ठेवलेला. हे दोनदा वाचा. बिट चकमध्ये आवळा, बंदूक खाली घट्ट धरलेली, दांडा खाली ओढून बिट खाचेत दाबून ठेवा आणि चक हाताने किंवा लहान पान्याने फिरवा. बिट वर येऊच शकत नाही, म्हणून घसरायचा प्रश्न मिटतो. हाताने जे चार दिवस सुटत नव्हतं ते असं सुटलेलं मी अनेकदा पाहिलंय.

याच्या पुढे, म्हणजे डोकं ड्रिलने भोक पाडून काढणं वगैरे, कारागिराकडे जा. १९११ पिस्तुलात तर मुठीचा स्क्रू ज्या बुशिंगमध्ये बसतो ते बुशिंगच स्क्रूबरोबर फिरून बाहेर येतं. तिथे जोर वाढवला तर फ्रेममधले आटे जातात.

टप्पा १०: परत बसवणं

स्क्रू आधी बोटांनी, उलट्या दिशेने फिरवत फिरवत ठेवा. आटे जुळले की हलकी ‘टिक’ जाणवते. मग सुलट. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच गेले पाहिजेत. अडलं तर काढा आणि परत ठेवा. बारीक आटे एकदा आडवे गेले की गेलेच. दुर्बिणीच्या बेसचे (बंदुकीवर बसणाऱ्या तिच्या बैठकीचे) नेहमीचे ६-४८ स्क्रू फक्त ३.५ मिलिमीटर जाडीचे असतात आणि इंचात ४८ आटे. त्यांना चूक सोसत नाही.

पीळ किती हे उत्पादकाच्या पत्रकातून घ्या. अंदाज हवाच असेल तर दुर्बिणीच्या रिंगचे स्क्रू साधारण १५ ते २० इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २.३ न्यूटन-मीटर. एवढा पीळ मनगटाने नाही, तीन बोटांनी येतो. म्हणूनच लहान टॉर्कचा, म्हणजे पीळ मोजून देणारा, स्क्रूड्रायव्हर हा दुसरा खर्च करा, पन्नास बिटांचा डबा तिसरा. आट्यांवर तेल असेल तर तेवढ्याच आकड्यावर स्क्रू जास्त ताणला जातो. आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर आटे कोरडे करा. रिंगचे स्क्रू एकेक पूर्ण आवळू नका, आळीपाळीने थोडे थोडे. दस्त्याला बंदुकीचा धातूचा भाग आवळणारे अॅक्शन स्क्रू पुढचा आधी, मग मागचा, आणि मधला असेल तर तो फक्त टेकेपर्यंत.

तपासणी: बेसचे स्क्रू आवळल्यावर बोल्ट पूर्ण मागे-पुढे फिरवून बघा. पुढचा स्क्रू लांब निघाला तर तो आत डोकावतो आणि बोल्ट अडतो.

दुनळीच्या गार्डवर किंवा वरच्या पट्टीवर स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत उभ्या ठेवलेल्या असतात. त्या तशा येण्यासाठी प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी घडवलेला असतो. खाच रेषेच्या आधीच थांबली तर जोराने रेषेवर आणू नका. बहुतेक वेळा स्क्रू जागा चुकलेला असतो किंवा खाली कचरा असतो. काढा, फुंका, पुठ्ठ्यावरचं भोक पुन्हा बघा.

खाच आधीच बिघडली असेल तर

उचललेली कड लगेच कानशीने उडवू नका. तिथला धातू अजून आहे, फक्त वर आलाय. स्क्रू लाकडाच्या ठोकळ्यात घट्ट बसवा, गुळगुळीत तोंडाची लहान हातोडी घ्या आणि कड हळूहळू खाचेच्या दिशेने परत बसवा. मग खाचेत बरोबर जाडीची पातळ कानस एकदाच फिरवा, वरून बारीक दगड, आणि कोल्ड ब्ल्यूचा (न तापवता लावायच्या ब्ल्यूइंगचा) थेंब. वर्षापूर्वी माझ्याच हातून गेलेला एक स्क्रू मी असाच वाचवला. उजेडात तिरका धरला की अजून दिसतं.